प्रभारी

रविवार, रात्री. लेस्टर.

पिठल्याला फोडणी दिली आणि जिन्यावरचा धुराचा अलार्म किंचाळला. मागच्या महिन्यात अग्निशमन दलाची दोन माणसं येऊन तो फुकट बसवून गेली. टॉवेल फडकवून गप्प केला, आणि जेवताना विषय निघाला तो या मंडळींची तपासणी कोण करतं याचा.

करतं की. १८५६च्या कायद्याने आलेलं इन्स्पेक्टरेट. आधी फक्त पोलिसांसाठी, २०१७च्या जुलैपासून इंग्लंडमधली अग्निशमन दलंही त्यांच्याकडे. इंग्लंड-वेल्समधली ४३ पोलीस दलं तपासायची, लिहायचं, छापायचं. गंमत म्हणजे हुकूम द्यायचा अधिकार नाही. लेखणी तेवढी आहे. तरी लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांना २०२२च्या जूनमध्ये याच लेखणीने विशेष देखरेखीखाली नेलं, आणि तिथून सुटायला त्यांना २०२५चा जानेवारी उजाडला.

प्रमुखाची नेमणूक राजाच्या नावाने होते, पण नाव सुचवतात गृहमंत्री. २०१२मध्ये टॉम विन्सर आले तेव्हा पोलिसांनी नाकं मुरडली, कारण गडी वकील, वर्दीतला नव्हे. त्यांच्यानंतर २०२२ला अँडी कुक, मर्सीसाइडचे माजी चीफ कॉन्स्टेबल, म्हणजे तिथल्या पोलीस दलाचे प्रमुख. मला विचाराल तर वकील असो की वर्दीवाला, नेमणूक पक्की हवी. अशा खुर्चीवर हंगामी माणूस बसवायचा म्हणजे ज्यांच्या सहीने तो कायम होणार, त्यांनाच न आवडणारं लिहायचं काम त्याच्या गळ्यात.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. बाबा चार वर्षं प्रभारी मुख्याध्यापक होते. मोठी खुर्ची रिकामी ठेवून शेजारच्या लाकडी स्टुलावर बसायचे. शिक्का 'मुख्याध्यापक' असाच उमटायचा, मग निळ्या पेनने त्याआधी 'प्र.' काढायचे, दर कागदावर. एकदा पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब जुळेना. त्यांनी दोन पानी अहवाल लिहिला, सुवाच्य अक्षरात. आई म्हणाली, "आधी ऑर्डर तर हातात येऊ द्या." अहवाल ड्रॉवरमध्ये गेला. त्या ड्रॉवरची किल्ली बाबांच्या जानव्याला असायची, आंघोळीलासुद्धा.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये राज्यांना बजावलं होतं की पोलीस महासंचालक प्रभारी नेमूच नका. तरी आपल्या महाराष्ट्रात २०२१च्या एप्रिलपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत ते पद अतिरिक्त कार्यभारावर चाललंच. तात्पुरतं म्हणून ठेवलेलं मुक्कामाला राहतं, पाहुण्यासारखं.

बाबांची ऑर्डर आलीच नाही. निरोप समारंभाला कुणीतरी फळ्यावर झोकदार अक्षरात लिहिलं होतं, 'मा. मुख्याध्यापक यांचा सेवानिवृत्ती सत्कार'. सगळे स्थानापन्न होईपर्यंत बाबा उठले, खडू घेतला, आणि 'मुख्याध्यापक'च्या आधी बारीकसा 'प्र.' घातला.