आमची वाटचाल: गटारात जाणारं उकळतं पाणी

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं छोटं वर्कशॉप आहे. सुरुवात स्टीम ट्रॅपच्या (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) दुरुस्तीने झाली आणि आजही नव्या ग्राहकाकडे गेलं की आधी ट्रॅपच तपासले जातात. नंदेसरी, पादरा पट्ट्यातल्या केमिकल युनिटांत बॉयलर बहुधा ठाकठीक असतो; पैसा जातो तो वाफ वापरून झाल्यावर. 7 बार दाबाच्या वाफेतली सुमारे 26 टक्के उष्णता कंडेन्सेटमध्ये, म्हणजे वाफेचं जे गरम पाणी होतं त्यात, उरते. ते गटारात सोडायचं आणि बॉयलरला गार पाणी पाजायचं, हा दुहेरी तोटा. फीडवॉटर (बॉयलरला जाणारं पाणी) 6 अंशांनी गरम झालं की इंधन साधारण 1 टक्का वाचतं.

मग सगळेच हे कंडेन्सेट बॉयलरकडे परत का नेत नाहीत? पंप टिकत नाही म्हणून. 95 अंशांचं पाणी सेंट्रिफ्युगल पंपाच्या तोंडाशी दाब जरा उतरला की तिथेच उकळतं. मग सील जातं, इंपेलर जातो. यातूनच आमचं पहिलं स्वतःचं उत्पादन निघालं: वाफेच्या दाबावर चालणारा पंप. भांडं भरलं की फ्लोट वर येतो, स्प्रिंग झटक्यात पलटते, वाफेचा व्हॉल्व्ह उघडून पाणी पुढे ढकललं जातं. मोटर नाही, त्यामुळे सॉल्व्हंटच्या प्लांटमध्ये फ्लेमप्रूफ (ठिणगीने आग लागू न देणाऱ्या) मोटरचा खर्चही नाही. कटकट दोनच ठिकाणी: स्प्रिंग थकून तुटते, आणि चेक व्हॉल्व्हमध्ये कचरा बसला की ढकललेलं पाणी मागे येतं. स्ट्रेनर (कचरा अडवणारी जाळी) लावाच. रिसीव्हर (कंडेन्सेट जमा होणारी टाकी) पंपापासून किमान 300 मिमी वर हवा. जागा नाही म्हणून फिटर तो खाली घेतात आणि भांडं भरायला वेळ लागतो. पाणी 10 मीटर चढवायचं तर 1 बार बॅक प्रेशर (पुढच्या पाइपातून येणारा उलटा दाब) धरा, घर्षण वेगळं.

हीट एक्स्चेंजरवर (वाफेची उष्णता दुसऱ्या द्रवाला देणाऱ्या यंत्रावर) वेगळंच दुखणं असतं. तापमान गाठलं की कंट्रोल व्हॉल्व्ह आवळला जातो, आतला दाब बॅक प्रेशरच्या खाली येतो आणि पाणी बाहेरच पडत नाही. ट्यूब बुडतात, तापमान हेलकावतं, धाडधाड आवाज येतो. लोक ट्रॅप बदलत राहतात. ट्रॅप बिचारा निर्दोष. तिथे पंप आणि ट्रॅप जोडीने बसवून पंपाचा एक्झॉस्ट एक्स्चेंजरच्या स्टीम बाजूलाच जोडावा लागतो.

रिॲक्टरचं जॅकेट (भोवतीचं वाफेचं आवरण) गळत असेल तर कंडेन्सेटमधून माल बॉयलरमध्ये शिरतो. आम्ही कंडक्टिव्हिटी प्रोब (पाण्याची वीजवाहकता मोजणारा) आणि थ्री-वे व्हॉल्व्ह देतो. रीडिंग चढलं की पाणी ईटीपीकडे (सांडपाणी प्रक्रिया प्लांटकडे). दर अंशाला कंडक्टिव्हिटी सुमारे 2 टक्क्यांनी वाढते, म्हणून तापमान भरपाई नसलेला प्रोब विनाकारण पाणी फेकतो. मात्र टोल्यूनसारखं सॉल्व्हंट या प्रोबला दिसतच नाही. अशा रिॲक्टरचं पाणी परत घेऊ नये. प्लेट एक्स्चेंजरमधून फक्त उष्णता काढून घ्यावी.

सध्या काम चालू आहे हीट पंपावर, म्हणजे वीज वापरून कमी तापमानाची उष्णता जास्त तापमानाला नेणाऱ्या यंत्रावर. डिस्टिलेशनच्या कंडेन्सरची 40 अंशांची उष्णता कूलिंग टॉवरला जाते आणि शेजारी 80 अंशांच्या पाण्यासाठी वाफ खर्च होते. एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. पण ग्रिडच्या युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, गॅस बॉयलरच्या तीन युनिट उष्णतेमागेही जवळपास तेवढाच. म्हणजे छतावर सोलर नसेल तर गॅसवाल्याला उत्सर्जनात फारसा फरक पडत नाही. कोळशावाल्याला पडतो, पण त्याची उष्णता इतकी स्वस्त की विजेचं बिल बघून तो कोटेशन बाजूला ठेवतो.