असल उत्तरचा सेंच्युरियन आणि त्याचा चिखल

टेबलावर छोट्या मॉडेल टँकनी लढाया खेळायचा माझा छंद, त्यात सध्या 15 एमएमचे सेंच्युरियन टँक रंगवायला घेतलेत, म्हणजे 1:100 स्केल (खऱ्याच्या शंभरावा भाग), आणि लढाई घेतलीय भारत-पाक युद्धातली असल उत्तरची. पंजाबात खेमकरणजवळ, 8 ते 10 सप्टेंबर 1965. पाकिस्तानचे पॅटन टँक नवे, दणकट, आणि आपल्याकडे 3 कॅव्हलरी या रेजिमेंटचे सेंच्युरियन, डेक्कन हॉर्स रेजिमेंटचे जुने शर्मन टँक. आपल्या लोकांनी कालव्याचं पाणी शेतात सोडलं, टँक उभ्या उसात घोड्याच्या नालेसारखे तीन बाजूंनी लपवून ठेवले आणि पॅटन आत येऊन रुतले की जवळून मारले. मला ही लढाई प्रचंड आवडते, आणि म्हणूनच माझं मत आहे की या टँकचा अर्धा रंग म्हणजे चिखलच आहे, तो नीट जमला नाही तर बाकी कितीही सफाई केली तरी तो असल उत्तरचा टँक वाटतच नाही.

जोडताना सुपरग्लू नको, प्लॅस्टिक सिमेंटच घ्या, ते दोन्ही भाग थोडे वितळवून एकजीव करतं आणि खेळायचा टँक शोकेसमधला नसतो, सारखा हाताळला जातो. टरेट, म्हणजे तोफेचा फिरता वरचा भाग, चिकटवायचा नाही, आत बारीक मॅग्नेट बसवायचा म्हणजे फिरतोही आणि डब्यात ठेवताना काढताही येतो. सेंच्युरियनला बाजूला लोखंडी पत्रे असतात, चाकांचा वरचा भाग त्याखाली झाकला जातो, तर किटमध्ये पत्रे वेगळे असतील तर आधी चाकं आणि ट्रॅक रंगवून घ्या आणि मग पत्रे लावा, नंतर तिथे ब्रश शिरतच नाही. प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराचा, स्प्रे पावसाळी हवेत मारू नका, दमटपणामुळे पृष्ठभाग खरखरीत होतो, कोरडा दिवस मिळेपर्यंत थांबलेलं बरं.

रंग ऑलिव्ह ग्रीन, पण बाटलीतला तसाच मारला तर एवढ्याशा टँकवर तो काळपट दिसतो. त्यात थोडा पिवळसर खाकी मिसळून फिका करायचा. मग गडद तपकिरी वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, तो सांध्यात आणि इंजिनच्या जाळीत उतरतो, आणि वाळल्यावर कडांवरून फिकट हिरव्याचा ड्रायब्रश, म्हणजे रंग जवळजवळ पुसून टाकलेला ब्रश हलकेच फिरवायचा. इथे हात आखडू नका, आपण हा टँक दोन-तीन फुटांवरून उभं राहून बघणार आहोत, हातात घेतल्यावर जरा भडक वाटणारी कड टेबलावर एकदम बरोबर दिसते.

आता चिखल. पंजाबची माती गाळाची, भुरकट राखाडी-तपकिरी, कोकणातल्यासारखी लाल अजिबात नाही. वाळू वापरू नका, 1:100 ला एक मिलिमीटरचा कण म्हणजे दहा सेंटीमीटरचा धोंडा झाला! मी पिगमेंट पावडर (रंगाची कोरडी बारीक पूड) आणि पातळ फेविकॉल कालवून ट्रॅकमध्ये आणि पत्र्यांच्या खालच्या कडेला बोटभर उंचीऐवजी पुसटसा थर देतो, वर जाताना तो विरळ होत गेला पाहिजे. आधी सगळ्यावर मॅट व्हार्निश आणि मग फक्त खालच्या ओल्या चिखलावर ग्लॉस, क्रम उलटा केलात तर ओलेपणा गेलाच समजा. पत्र्यावर वाळलेला फिका चिखल आणि ट्रॅकमध्ये चमकणारा गडद, हे दोन्ही शेजारी आले की पाणी सोडलेलं शेत आपोआप डोळ्यासमोर येतं.

उसासाठी काथ्याचं पायपुसणं बेस्ट, पट्ट्या कापायच्या, हिरवा-पिवळा मारायचा. उंची तीन सेंटीमीटर ठेवा, खऱ्यात तो तीन मीटर झाला, आणि सेंच्युरियनची उंचीही जवळपास तेवढीच, त्यामुळे टँक आत पूर्ण दडतो. आमच्या खेळात नियम असा केलाय की उसातला टँक पहिला गोळा टाकेपर्यंत पॅटनवाल्याला दिसत नाही, आणि पाण्याच्या शेतात शिरलेल्या प्रत्येक पॅटनला रुतण्यासाठी डाइस टाकावाच लागतो.