चार हजारांचा मेसेज आणि करारातलं सातवं कलम

नोव्हेंबरच्या एका सकाळी ऑफिसला निघता निघता घरमालक काकांचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला. आधी गुड मॉर्निंगचा गुलाब आणि त्याच्याखाली एकच ओळ, डिसेंबरपासून भाडं वीस हजार. मी आत्ता सोळा देते. म्हणजे एकदम चार हजार वाढ, ती पण करार संपायला तीन महिने बाकी असताना.

आम्ही गोव्यात पर्वरीला राहतो, वन बीएचके, खाली काका-काकू आणि वर आम्ही. माणसं वाईट अजिबात नाहीत हो. चवथीला नेवऱ्यांचा डबा वर येतोच, आणि पाण्याच्या मोटरचा स्विच त्यांच्या स्वयंपाकघरात आहे तरी दीड वर्षात एकदाही टाकी रिकामी राहिलेली नाही. पण पर्यटकांचा सीझन सुरू झाला की पर्वरीतल्या मालकांच्या अंगात काहीतरी संचारतं, त्यात मोपाचा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाला आणि मुंबई-दिल्लीचे लॅपटॉपवाले म्हणतील ते भाडं देतात हे काकांनी कुणाकडून तरी ऐकलेलं. संध्याकाळी जिन्यात भेटले तर म्हणाले, "सगळे वाडयतात गो, हांव एकलोच कित्याक रावूं?" (सगळे वाढवतात, मी एकटाच का थांबू?) आता ह्याला काय उत्तर देणार.

ऑफिसमध्ये सांगितलं तर कोल्हापूरचा एक कलीग छातीठोकपणे म्हणाला, मॅडम वर्षाला चार टक्क्यांच्या वर वाढवताच येत नाही, कायदा आहे. कायदा आहे, बरोबर, पण तो महाराष्ट्राचा, १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा, आणि तो गोव्याच्या सीमेवर, बांद्याच्या नाक्यापलीकडे संपतो. गोव्याचा आपला वेगळा, १९६८ चा, इमारतींच्या भाडेपट्टी, भाडे आणि निष्कासन (म्हणजे भाडेकरूला बाहेर काढणं) नियंत्रणाचा, ज्यात रेंट कंट्रोलर म्हणजे भाड्याची प्रकरणं बघणारा अधिकारी असतो आणि वाजवी भाडं ठरवून घेण्यासाठी त्याच्याकडे जाता येतं. पणजीत जुन्या घरांत पिढ्यानपिढ्या राहणारे भाडेकरू आहेत ना, त्यांच्या केसेस ह्याच कायद्यातल्या. आमच्यासारख्यांचा मामला वेगळा, आमच्याकडे अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेपट्टा नाही, नुसती राहायची परवानगी. अकराच का, तर एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची सब-रजिस्ट्रारकडे नोंदणी सक्तीची आहे, १९०८ च्या नोंदणी कायद्याने, आणि तो खर्च कुणालाच नको असतो. पण लायसन्स म्हटलं की भाडेकरूचं संरक्षण आपसूक मिळत नाही, तिथे मुख्य आधार तो कागदच, आणि तो कागद सही करताना मी नीट वाचलाच नव्हता, खोटं कशाला बोलू.

रात्री कपाटातून गॅसच्या पुस्तकाखालून करार काढला. स्टॅम्प पेपरची कड वाळवीने थोडी खाल्लेली, पण सातवं कलम शाबूत होतं. एक एप्रिलपासून अकरा महिने दरमहा सोळा हजार, आणि नूतनीकरण झालं तर दहा टक्के वाढ. बस. मध्येच वाढवायचं म्हणून एक अक्षर नाही. मग नवऱ्याने त्याच्या वकील मित्राला फोन लावला, त्याने पण तेच सांगितलं, ठरलेल्या मुदतीत एका बाजूने रक्कम बदलता येत नाही, वाढवायची असेल तर दोघांची संमती पाहिजे आणि ती कागदावर पाहिजे. केंद्राने २०२१ मध्ये जो मॉडेल टेनन्सी कायदा काढला त्यातही हेच आहे म्हणे, मुदतीच्या करारात आधीच लिहिलेलं नसेल तर मध्ये वाढ नाही, भाडं बदलायचं तर मालकाने तीन महिने आधी लेखी नोटीस द्यायची, घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नाही, आणि भांडण झालं म्हणून वीज-पाणी तोडायचं नाही (मोटरचा स्विच मला तेव्हाच आठवला). पण तो नमुना कायदा आहे, राज्याने स्वीकारला तरच तिथे लागू होतो, त्यामुळे मालकाच्या तोंडावर फेकायला त्याचा उपयोग नाही.

मित्राने एक गोष्ट मात्र फोनवर दोनदा सांगितली आणि ती मी पण दोनदा सांगते. रागाच्या भरात भाडं थांबवू नका. १९६८ च्या कायद्यात तीन महिन्यांचं भाडं थकलं आणि रजिस्टर्ड नोटीस मिळूनही तीस दिवसांत भरलं नाही, तर तेच बाहेर काढायला कारण होतं. आणि लायसन्सवाल्याने भाडं चुकवलं तर मालकाला आयतंच निमित्त मिळतं. म्हणून मी एक तारखेला सोळा हजार बँकेतून ट्रान्सफर केले, रिमार्कमध्ये 'डिसेंबर भाडं' लिहिलं आणि स्क्रीनशॉट काकांना पाठवला. हात थरथरत होते हे सांगायला लाज कसली.

दोन दिवस ब्ल्यू टिक आणि शांतता. तिसऱ्या दिवशी मीच करार घेऊन खाली गेले, काकूंनी चहा ठेवला, काकांनी चष्मा लावून सातवं कलम वाचलं, मग परत वाचलं, मग म्हणाले हे त्या एजंटाने लिहिलं, मला विचारलंच नाही. मी म्हटलं काका, सही तर तुमचीच आहे ना. काकू ओट्याकडून हसल्या. शेवटी ठरलं की फेब्रुवारी संपेपर्यंत सोळाच, मार्चपासून नवीन करारात १७,६००. त्यांना खरं तर नूतनीकरण नाकारून दुसरा भाडेकरू आणता आला असता, तेवढा हक्क त्यांना आहेच, आणि मला तीच धास्ती होती. पण नवीन माणूस आणायचा म्हणजे परत एजंटाचं कमिशन, रंग, पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म, आणि सीझन संपल्यावर तो टिकेल की नाही कुणास ठाऊक, हा हिशोब काकूंनीच काकांना करून दाखवला.

ह्या वेळी मी मसुदा आधी मागितलाय. पाण्याबद्दल एक ओळ घालायची आहे, मोटर रोज सकाळी चालू करायची जबाबदारी मालकाची अशी. काका म्हणाले, ते कशाला लिहायचं गो, मी करतोच की. आज सकाळी पण साडेसहालाच मोटरचा आवाज आला.