ताजं रक्त, घरचं रक्त

मे महिना आला की आमच्या भागातल्या रक्तपेढ्यांची ओढाताण सुरू होते. कॉलेजं बंद, शिबिरं जवळपास थांबलेली, ऊन चाळिशीच्या वर. आणि नेमक्या याच दिवसांत आमच्याकडे हृदयाच्या ऑपरेशनची यादी लांबते. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं गावी परतलेली असतात, पेरणीला अवकाश असतो, त्यामुळे लेकराचं किंवा म्हाताऱ्याचं अडलेलं ऑपरेशन घरचे याच दिवसांत उरकून घेतात. मी संभाजीनगरात हृदयशस्त्रक्रियेसाठी भूल देते. ऑपरेशन सर्जन करतात, पण टेबलावरच्या रुग्णाला रक्त द्यायचं का, कधी आणि किती, हे बहुतेक वेळा मला ठरवावं लागतं. त्या दिवशी दोन केस होत्या. दोन्हीकडे नातेवाइकांशी बोलणं रक्तावरच येऊन थांबलं.

पहिले रुग्ण जालना जिल्ह्यातले एक आबा. वय ७८, तीन नसांची बायपास. सकाळी सात वाजता मी आत जायला निघाले तर जिन्याखाली त्यांचा थोरला मुलगा वाट बघत होता. मागे दहा-बारा तरणी पोरं.

"मॅडम, जीप भरून पोरं आणलीत. आबाला शिळं रक्त देऊ नका. हितंच काढा अन् गरम गरम चढवा."

त्याच्या बोलण्यात नुसती काळजी होती. गावाकडे ताजं रक्त म्हणजे ताकद, हा समज पिढ्यांपासून आहे. तो समज काही अडाणीपणातून आलेला नाही. साठवलेल्या रक्तात तांबड्या पेशी हळूहळू थकतात, हे खरंच आहे. म्हणूनच संशोधकांनी हा प्रश्न थेट तपासला. २०१५ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयाच्या मोठ्या ऑपरेशनच्या सुमारे १,१०० रुग्णांपैकी अर्ध्यांना १० दिवसांच्या आतलं रक्त दिलं, अर्ध्यांना २१ दिवस किंवा त्याहून जास्त साठवलेलं. शरीरातले अवयव एकूण किती बिघडतात यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मी मुलाला हे सांगितलं. आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. काढलेलं रक्त एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग आणि मलेरिया या तपासण्यांतून गेल्याशिवाय कुणालाही देता येत नाही. "गरम गरम" चढवायचं तर त्या तपासण्यांना वेळच उरत नाही.

तो गप्प झाला. मग विचारलं, "पण रक्त तर लागंलच ना?"

कदाचित लागणारही नाही, असं मी म्हणाले. त्याच्या चेहऱ्यावर विश्वास दिसला नाही.

आधी अशा रुग्णाचं हिमोग्लोबिन १० च्या खाली आलं की पिशवी लावायची, असं सर्रास चालायचं. २०१७ मध्ये 'ट्रिक्स-३' या अभ्यासाचे निकाल आले. १९ देश, हृदयाच्या ऑपरेशनचे सुमारे ५,००० प्रौढ रुग्ण, सगळे मध्यम ते जास्त धोक्याचे. एका गटाला हिमोग्लोबिन ७.५ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलं. दुसऱ्याला ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूत ९.५ च्या खाली जाताच. मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा डायलिसिस लागेल असं मूत्रपिंडाचं नुकसान, हे सगळं धरून पहिल्या गटात ११.४ टक्के आणि दुसऱ्यात १२.५ टक्के. म्हणजे हात आखडता घेऊन काही बिघडलं नाही. आणि रक्त घ्यावं लागलेल्यांचं प्रमाण ७३ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर आलं. मला स्वतःला सगळ्यात चकित केलं ते त्यातल्या वयस्कर रुग्णांनी. म्हाताऱ्या हृदयाला जास्त रक्त लागेल, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ७५ च्या पुढच्यांमध्ये कमी रक्त देण्याचा गटच बरा निघाला. ही एका अभ्यासातली उपगटाची आकडेवारी आहे, तिच्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण आबा ७८ चे आहेत म्हणून आधीच दोन पिशव्या चढवून ठेवा, असं म्हणायला मात्र कुठलाच आधार उरला नाही.

त्या पोरांना मी एवढंच म्हणाले, की रक्त जरूर द्या, पण आबांसाठी नको, पेढीसाठी द्या. काही जण तयार झाले, काही तोंड फिरवून चहाला गेले.

आबांचं ऑपरेशन सरळ झालं. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून सुरुवातीलाच ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड दिलं, छातीत सांडलेलं रक्त सेल सेव्हर नावाच्या यंत्राने गोळा करून, धुऊन परत दिलं. ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या नळ्यांत सव्वा लिटरच्या आसपास सलाईन असतं, ते शरीरातल्या रक्तात मिसळतं आणि रक्त पातळ होतं. आबांच्या अंगात चार लिटर रक्त, त्यामुळे १२.५ चं हिमोग्लोबिन साडेनऊच्या आसपास आलं, पुढे ८.४. पिशवी न लावता आम्ही त्यांना आयसीयूत नेलं.

दुपारची केस बीड जिल्ह्यातलं आठ महिन्यांचं लेकरू. आईबाप ऊसतोड कामगार. मार्चमध्ये फडावरून गावी परतल्यावर अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने त्याला तपासलं आणि छातीत आवाज ऐकला. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र. दूध पिताना धाप लागायची, घाम फुटायचा, वजन जेमतेम पाच किलो.

इथे हिशेबच वेगळा. पाच किलोच्या बाळाच्या अंगात रक्त साधारण ४०० मिली, आणि लहानात लहान नळ्या वापरल्या तरी आमच्या मशीनमध्ये ३०० मिली द्रव लागतो. नुसतं सलाईन भरलं तर त्याचं १० चं हिमोग्लोबिन मशीन सुरू होताच ६ च्या खाली जाईल. म्हणजे या बाळाला रक्त लागणार हे आधीपासून पक्कं होतं.

बाप सव्वीसेक वर्षांचा. रक्तगट जुळत होता. सही करायला बोलावलं तर शर्टाची बाही वर सरकवूनच आला.

"मपलंच घ्या मॅडम. लेकरू मपलं हाय, मंग दुसऱ्याचं कामून?"

दिवसभरात सगळ्यात अवघड बोलणं हे होतं. बापाला सांगायचं, की तुझं रक्त तुझ्या लेकराला आम्ही देणार नाही. कारण खरं आहे आणि गंभीर आहे. दात्याच्या रक्तात लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. परक्याच्या पेशी रुग्णाचं शरीर ओळखतं आणि संपवतं. पण आई, बाप, सख्खा भाऊ यांच्या पेशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात, की कधीकधी शरीराला त्या परक्या वाटतच नाहीत. त्या टिकतात, वाढतात आणि बाळाच्या कातडीवर, यकृतावर, आतड्यांवर, हाडांच्या मगजावर हल्ला करतात. असं क्वचित होतं, पण झालं तर बहुतेक रुग्ण वाचत नाहीत. रक्ताला किरणोत्सर्ग देऊन हा धोका टाळता येतो, पण ते यंत्र आमच्या पेढीत नाही.

हे त्याला कसं सांगायचं? मी म्हणाले, "दादा, घरचा म्हणून ज्याच्यासाठी दार उघडलं, त्यानंच आत येऊन घर लुटावं, तसं होऊ शकतं. अनोळखी असला तर दारातच अडवला जातो."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती इतका वेळ काहीच बोलली नव्हती. ती म्हणाली, "मॅडम म्हणत्यात तसं करा. पर ह्यांचं बी घ्या, दुसऱ्या लेकराला व्हईल." मग बाप खाली गेला आणि त्याने रक्त दिलं.

आत गेल्यावर ताज्या रक्ताचा प्रश्न पुन्हा आला, या वेळी आमच्यातच. साठवलेल्या पेशींतून पोटॅशियम बाहेर झिरपतं. मोठ्या माणसाला त्याने सहसा फरक पडत नाही, पण इवल्याशा बाळाच्या अंगात ते एकदम गेलं तर हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून मशीन भरायला आम्ही पाच दिवसांच्या आतली पिशवी निवडतो आणि बाळाला जोडण्याआधी मशीनमधल्या रक्ताचं पोटॅशियम तपासतो. मग ताजं संपूर्ण रक्तच का नको? तेही तपासून झालंय. २००४ साली अमेरिकेत एक वर्षाच्या आतल्या २०० बाळांवर अभ्यास झाला. निम्म्यांच्या मशीनमध्ये ताजं संपूर्ण रक्त, निम्म्यांच्या वेगळ्या काढलेल्या तांबड्या पेशी आणि प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव. ताज्या रक्ताचा फायदा तर झाला नाहीच, उलट ती बाळं आयसीयूत जास्त राहिली, सुमारे ७० तासांऐवजी ९७ तास.

नव्या रेसिडेंटने, म्हणजे शिकाऊ डॉक्टरने, विचारलं, स्टेरॉइड देऊ का? मशीनमुळे अंगात सूज येते, ती दबावी म्हणून वर्षानुवर्षं दिलं जायचं. मोठ्यांमध्ये ७,५०० रुग्णांच्या 'सिर्स' अभ्यासात २०१५ मध्येच त्याचा फायदा दिसला नव्हता. लहानांसाठी उत्तर २०२२ मध्ये आलं: अमेरिकेतली १,२०० बाळं, निर्णायक फायदा नाही आणि साखर वाढून इन्शुलिन लागण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट. आम्ही दिलं नाही.

छिद्र बंद झालं. मशीनवरून उतरताना जादा पाणी गाळून काढलं आणि हिमोग्लोबिन ९ च्या पुढे स्थिरावलं. दुसरी पिशवी लागली नाही.

रात्री साडेनऊला आयसीयूतून फोन आला. आबांचं हिमोग्लोबिन ७.९. रेसिडेंट म्हणाला, "मॅडम, पिशवी क्रॉसमॅच होऊन तयार आहे, लावून टाकू?" क्रॉसमॅच म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का, याची तपासणी. मुलगा काचेबाहेर उभा होता, त्याचा दबाव त्या पोरावर असणार. मी जाऊन पाहिलं. छातीतल्या नळीतून येणारं रक्त थांबत आलेलं, रक्तदाब बरा, लघवी चांगली, लॅक्टेट (अंगाला ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारं आम्ल) नॉर्मल, हातपाय उबदार. नुसता आकडा बघून रक्त देत नाहीत आणि नुसता आकडा बघून अडवतही नाहीत. रक्तस्राव चालू असता तर मी ८.५ लाही पिशवी लावली असती. आबांना त्याची गरज नव्हती. मुलाला बाहेर जाऊन सांगितलं, की रक्त तयार आहे, लागलं तर मिनिटात देऊ, आत्ता लागत नाही. तो म्हणाला, "तुमी म्हणता तर ऱ्हाऊ द्या." सकाळी लघवीवाटे जादा पाणी उतरलं आणि आकडा आपोआप ८.३ झाला.

बाळाच्या बाबतीत मी एवढ्या खात्रीने बोलत नाही. आयसीयूतल्या ६३७ मुलांच्या २००७ च्या अभ्यासात ७ ची मर्यादा ९.५ इतकीच सुरक्षित ठरली, आणि ज्यांचं हृदय दुरुस्त होऊन दोन्ही बाजू नीट चालतात अशा स्थिर मुलांसाठी २०१८ पासून तज्ज्ञांची शिफारसही ७ चीच आहे. पण असे अभ्यास प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतल्या मुलांवर झालेत. आमची लेकरं टेबलावर येतानाच अशक्त असतात, लोह कमी, वजन कमी. त्यांच्यावरचा मोठा अभ्यास इथेच, आपल्या भागात व्हायला हवा, असं मला फार वाटतं.

सध्या यादीत हिंगोली जिल्ह्यातली एक मुलगी आहे. तिच्या हृदयाचा एकच खालचा कप्पा कामाचा आहे, ओठ निळे. अशा मुलांना अंगात ऑक्सिजन पोचवायला जास्त तांबड्या पेशी लागतात, त्यांच्यासाठी शिफारस ९ च्या आसपासची आहे. ७ चा नियम तिला लावायचा नाही, हे मी रेसिडेंटला फाइलवर लिहून ठेवायला सांगितलंय. तिचं हिमोग्लोबिन १७ दिसतं, तरी रक्तात लोह कमीच निघालं, म्हणून औषध आत्तापासून सुरू केलंय. पिशव्या अनोळखी दात्यांच्याच मागवल्या आहेत.