ओझरला उतरलात तर गाडी उड्डाणपुलावर चढू देऊ नका

फेब्रुवारीत मावशी हैदराबादहून आली. वय ७४, गुडघे दुखतात, म्हणून मुलाने यावेळी ट्रेनऐवजी विमानाचं तिकीट काढून दिलं आणि मी नाशिकच्या ओझर विमानतळावर घ्यायला गेलो. आपण सगळे ओझरच म्हणतो पण टर्मिनल आहे जानोरीत, दिंडोरी तालुक्यात, २०१४ ला झालं, धावपट्टी मूळची एचएएलची, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्याची, जिथे सुखोई लढाऊ विमानं बनतात. बाहेर पडलं की द्राक्षबागाच बागा, एक्सपोर्टच्या घडांना कागद गुंडाळलेले, मावशीने काच खाली करायला लावली आणि बघतच बसली.

तिथून 'दहावा मैल' नावाच्या चौकात हायवे लागतो, मग आडगाव, अमृतधाम. पंचवटी वीसेक किलोमीटर, ट्रॅफिक नसेल तर पाऊण तास पुरतो.

पण ॲपवरून केलेल्या कॅबचा ड्रायव्हर बाहेरगावचा होता आणि मॅप सांगेल तसा चालला होता. मी मावशीशी गप्पांत, आणि के. के. वाघ कॉलेजपाशी गाडी सरळ उड्डाणपुलावर चढली. वरून गोदा दिसली, मावशीने हात जोडले, "अरे, रामकुंड कुठंय?" म्हणेपर्यंत नदी मागे पडली पण! द्वारका चौकाच्या पुढे उतरून परत त्याच चौकात अडकलो, घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि मावशी गप्प गप्प होती. मला फार वाईट वाटलं. तिचं माहेर काळारामाच्या मागच्या गल्लीत, ती सहा वर्षांनी येत होती.

चार दिवसांनी तिचा मुलगा त्याच फ्लाइटने येणार होता, मावशी म्हणाली मीपण येते घ्यायला. यावेळी ड्रायव्हरला आधीच सांगितलं, पुलावर चढायचं नाही, खालच्या रस्त्याने औरंगाबाद नाका, तिथून उजवीकडे निमाणी आणि मालेगाव स्टॅंडला सोड. पुढे गाडी नेऊच नका, गल्ल्यांत समोरून एक रिक्षा आली तरी संपलं. सामान जास्त असेल तर घरच्या कोणाला तरी स्टॅंडवर बोलवून घ्या, पण शेवटचा तुकडा पायीच करा, हे मी अगदी मनापासून सांगतोय, कारण नाशिकमध्ये आल्यासारखं तिथेच वाटतं. सिंहस्थाला तर कितीतरी लोक पहिल्यांदाच विमानाने येतील, त्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

आम्ही उतारावरून हळूहळू रामकुंडावर आलो. मावसभाऊ म्हणाला आधी काळारामाला जाऊ, लहानपणी आजोबा त्याला त्या दरवाजापाशी उभं करून १९३० चा बाबासाहेबांचा सत्याग्रह सांगायचे. पण मावशी थांबायला तयार नव्हती, ती दुतोंड्या मारुतीकडे निघाली. गोदेला पूर किती आलाय ते नाशिककर याच मूर्तीवरून मोजतात. पुराच्या दिवसांत आजोबा छत्री घेऊन रोज इथे यायचे आणि घरी येऊन दारातूनच ओरडायचे, पाणी कमरेला लागलं, पाणी छातीला लागलं. मावशी मारुतीच्या छातीकडे बोट दाखवून भावाला म्हणाली, "इथपर्यंत आलं ना, की आई स्वयंपाकघरातली भांडी माळ्यावर चढवायला घ्यायची."

मग ती पायरीवर बसली, चप्पल काढली आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. भाऊ बॅग घेऊन मागे उभा. घरून तीनदा फोन आला, आम्ही उचलला नाही.