फॉर्मवर नसलेला रकाना

अमेरिकेतल्या एका विद्यापीठ रुग्णालयाशी जोडलेल्या केंद्राचं प्रशासन मी सांभाळते. रोजच्या उपचारांच्या नोंदींतून काय उपयोगी पडतं ते शोधायचं आणि ते पुन्हा वॉर्डात रुजवायचं, हे जमणारे संशोधक घडवणं हे केंद्राचं काम. इथे याला ‘लर्निंग हेल्थ सिस्टिम’ म्हणतात. २०१८ साली आरोग्यसेवेवरच्या संशोधनाला पैसा देणाऱ्या एएचआरक्यू आणि पीकोरी या अमेरिकी संस्थांनी अशा प्रशिक्षणासाठी ११ ठिकाणी अनुदान दिलं, तेव्हापासून या कामाला जोर आला. माझ्याकडे हिशेब, करार, आयआरबीचे म्हणजे नीतिसमितीचे अर्ज आणि स्कॉलर मंडळींचा, म्हणजे इथे शिकणाऱ्या तरुण संशोधकांचा, वेळ. वेळ सगळ्यांत अवघड. नियमाप्रमाणे त्यांचा किमान ७५ टक्के वेळ संशोधन-प्रशिक्षणासाठी राखावा लागतो, आणि ओपीडी तुंबली की विभागप्रमुखांचा डोळा आधी त्याच वेळेवर जातो.

त्या दिवशीची बैठक हार्ट फेल्युअरच्या रुग्णांबद्दल होती. डिस्चार्जनंतर नर्सने घरी फोन करायचा, असा उपक्रम रुग्णालयाने सुरू केला होता. कामकाज बघणारे वरिष्ठ अधिकारी आलेख घेऊन आले होते: फोन सुरू झाल्यावर त्याच रुग्णांच्या भरत्या निम्म्याहून कमी! उपक्रम सगळ्या वॉर्डांत न्यायचा त्यांचा विचार होता. आमची स्कॉलर, तरुण डॉक्टर, म्हणाली, “आधी चिठ्ठ्या टाकून दोन गट करू आणि तुलना करू.” अधिकारी म्हणाले, “म्हणजे निम्म्या रुग्णांना फोनच करायचा नाही? हे मी कुठल्या तोंडाने सांगू?”

प्रश्न रास्त होता. म्हणूनच मी कॅम्डेनच्या शोधनिबंधाच्या प्रती काढून ठेवल्या होत्या. न्यू जर्सीतल्या या शहरात वारंवार भरती होणाऱ्या रुग्णांच्या घरी नर्स आणि समाजसेवक जात, आणि त्या कामाची देशभर वाहवा झाली होती. मग ८०० रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. २०२० मध्ये निकाल आला: १८० दिवसांत पुन्हा भरती झालेले, मदत मिळालेल्या गटात ६२.३ टक्के आणि न मिळालेल्या गटात ६१.७ टक्के. भरत्या दोन्ही गटांत आधीपेक्षा बऱ्याच घटल्या होत्या. माणूस अशा यादीत येतो तोच तब्येत अगदी ढासळलेली असताना. पुढचे महिने बहुधा त्याहून बरे जातात. दुसरा गट नसता तर सगळं श्रेय उपक्रमाच्या खात्यावर जमा झालं असतं.

यावर वाद चालला असताना फोन करणारी नर्स बोलली. “फॉर्मवर प्रश्न आहे, रोज वजन करता का? हो किंवा नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्या कित्येकांच्या घरी काटाच नाही. ते लिहायला रकाना नाही.”

हार्ट फेल्युअरमध्ये अंगात पाणी साठू लागलं की अनेकदा दम लागण्याआधी ते काट्यावर दिसतं. दिवसात दोन-तीन पौंड किंवा आठवड्यात पाच पौंड वाढले तर आम्हाला कळवा, असं रुग्णांना सांगतात. आणि आमच्या कॉम्प्युटरमध्ये ‘नाही’ची नोंद होत होती ‘सूचना पाळत नाही’ अशी. मला त्या शब्दांचा फार राग आला.

समितीवर रुग्णांचे प्रतिनिधी म्हणून एक आजोबा आहेत. ते म्हणाले, “माझ्याकडे काटा आहे. पण पोट सुजलं की खालचा आकडा दिसत नाही. बायको होती तोवर ती वाचायची.”

तिथून चर्चेचा रोखच बदलला. आकडा मोठ्याने सांगणारे काटे बाजारात मिळतात. आमच्या अनुदानातून ते घेणं अटींत बसत नव्हतं, हे मी लगेच सांगितलं. अधिकाऱ्यांनी आलेख बाजूला ठेवला आणि आपल्या खात्यातून पहिली खेप घ्यायची तयारी दाखवली. सगळ्यांना पुरतील इतके काटे येणार नव्हते. मग फोन सगळ्यांना चालू ठेवायचे आणि काटे चिठ्ठ्या टाकून द्यायचे ठरलं. वस्तू अपुरी असताना ओळखीपाळखीपेक्षा चिठ्ठी केव्हाही न्यायाची.

आयआरबीकडे आधीच जायचं, हा माझा आग्रह होता. हे नुसतं सुधारणेचं काम की संशोधन, हा प्रश्न मागाहून उभा राहिला तर चांगलं कामही अडकतं. मिशिगन राज्यातल्या अतिदक्षता विभागांत डॉक्टरांनी पाळायच्या पाच कलमांच्या यादीने रक्तातला जंतुसंसर्ग मोठ्या प्रमाणात घटला होता, तरी २००७ च्या अखेरीस याच प्रश्नावर तिथलं माहिती गोळा करणं थांबवावं लागलं. २००८ मध्ये ते पुन्हा सुरू झालं.

फॉर्म मात्र नर्सने त्याच संध्याकाळी बदलला: काटा आहे का, आकडा वाचता येतो का, नसेल तर कोण वाचतं. ‘सूचना पाळत नाही’ हा शेरा जुन्या नोंदींतून काढायची मागणी मी आयटी विभागाकडे टाकली आणि पाठपुरावा करून तो काढून घेतला.

चाचणी अजून सुरू आहे. काट्यांनी भरत्या कमी झाल्या किंवा नाही झाल्या, निकाल आधी वॉर्डातल्या नर्सेसना आणि त्या आजोबांना सांगायचा, ही बैठक मी आत्ताच लावून ठेवली आहे, स्कॉलरच्या राखीव वेळेत. विभागप्रमुखांना तसं लेखी कळवलंय.