पाचवा मुद्दा: एकमत नाही

सप्टेंबर २०१४ मधली एक शनिवारची सकाळ. मेरीलँडमधल्या आमच्या टेनिस क्लबच्या वरच्या मजल्यावर, काचेपलीकडे कोर्ट दिसतात त्या खोलीत, आम्ही अकरा पालक बसलो होतो. खाली पोरं फोरहँड घोटत होती आणि वर आम्ही अमेरिकेच्या टेनिसचं पुढे काय करायचं ते ठरवत होतो. आम्हाला कोणी विचारलेलं नव्हतं, हे आधीच सांगते.

झालं होतं असं. अमेरिकन टेनिस संघटनेच्या, म्हणजे यूएसटीएच्या, खेळाडू विकास विभागाचा प्रमुख पॅट्रिक मॅकेन्रो याने यूएस ओपन सुरू असतानाच पद सोडत असल्याचं जाहीर केलं. हा एकेकाळच्या विजेत्या जॉन मॅकेन्रोचा धाकटा भाऊ, २००८ पासून त्या खुर्चीवर. विभागाचं बिऱ्हाड आता फ्लोरिडातल्या ऑरलँडोला जाणार होतं आणि त्याचं घरदार न्यूयॉर्कला. त्या वर्षी यूएस ओपनमध्ये एकही अमेरिकन पुरुष चौथ्या फेरीत पोचला नव्हता. २००३ मध्ये अँडी रॉडिक जिंकला, त्यानंतर एकाही अमेरिकन पुरुषाने एकेरीचं ग्रँड स्लॅम जिंकलेलं नव्हतं. सेरेना जिंकत होती, पण सेरेना विभागाची नव्हे, तिच्या वडिलांची कमाई, हे सगळ्यांनाच ठाऊक.

संघटनेच्या आमच्या भागातल्या शाखेत, म्हणजे सेक्शनमध्ये, स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या एका गृहस्थांनी सांगितलं, की नवा माणूस कसा असावा याबद्दल पालकांचं म्हणणं दोन पानांत लिहून द्या, मी पुढे पोचवतो. देशात असे सतरा सेक्शन. आमची दोन पानं कुठवर जाणार याचा अंदाज कोणालाही यावा. तरी आम्ही बसलो. मी नोकरीत बिझनेस ॲनालिस्ट, लोकांच्या मागण्या लिहून काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे वही माझ्या हातात आली.

पहिली बैठक पूर्ण वाया गेली, कारण सगळे नावं घेत होते. सॅम्प्रस हवा. नको, अ‍ॅगासी, तो मुलांत रमतो. जिम कुरियर, पण तो डेव्हिस कपच्या, म्हणजे देशादेशांतल्या सांघिक स्पर्धेच्या, अमेरिकन संघाचा कर्णधार आहे. ख्रिस एव्हर्टची तर अकादमीच आहे. मीसुद्धा ठणकावून म्हणाले, की ज्याने स्वतः ग्रँड स्लॅम जिंकलंय तोच हवा, बाकीच्यांचं मुलं कशाला ऐकतील?

घरी जाताना गाडीत नवऱ्याला हे सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "तू दादरची ना गं? आचरेकर सर किती कसोट्या खेळले होते?"

एकही नाही. प्रथम श्रेणीचा सामना फक्त एक. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भेळ खात मी लहानाची मोठी झाले, समोर सरांची नेट्स, आणि मेरीलँडला येऊन मी ग्रँड स्लॅमच्या ट्रॉफ्या मोजत होते. उरलेला रस्ता मी काही बोलले नाही.

दुसऱ्या बैठकीत पहिली अट घातली: आज कोणाचंही नाव घ्यायचं नाही. नुसतं काम लिहायचं. हा माणूस सोमवारी सकाळी उठून करणार काय? त्याच्या हातात काय असेल, काय नसेल? ही युक्ती ऑफिसात दरवेळी चालते. इथे अर्धा तास चालली.

अर्धवेळ नको, यावर पाच मिनिटांत एकमत झालं. मॅकेन्रो सुरुवातीला डेव्हिस कपचा कर्णधारही होता आणि टीव्हीवर समालोचनही करायचा, यावर टीका झालीच होती. ज्युनियर स्पर्धांबद्दलही फार भांडण नव्हतं. राष्ट्रीय स्पर्धांमधल्या जागा कमी करण्याच्या निर्णयावर २०१२ मध्ये देशभर ओरड झाली होती, आणि नंतर त्यात बदलही झाले होते. आम्ही लिहिलं, आधी पालकांना विचारा, मग ठरवा.

नारिंगी चेंडूवर मात्र ठिणगी उडाली. जानेवारी २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धा साठ फुटी कोर्टवर, मऊ, कमी उसळणाऱ्या चेंडूने खेळवायचा नियम झाला होता. पूर्ण कोर्ट अठ्ठ्याहत्तर फुटी. आमच्यातली एक रशियन आई म्हणाली, की हा खेळण्यातला चेंडू आहे, यातून खेळाडू घडत नसतात. मीही आधी याच मताची होते. पण नियम आला तेव्हा माझी लेक नऊ वर्षांची होती. नेहमीचा पिवळा चेंडू तिच्या डोक्यावरून जायचा आणि ती मागे मागे सरकत कुंपणाला टेकायची. नारिंगी चेंडू आला आणि सहा महिन्यांत ती नेटपाशी जाऊन व्हॉली मारायला लागली. मी हे सांगितल्यावर रशियन आई म्हणाली, "तुझी मुलगी बुटकी आहे म्हणून." खरं होतं. शेवटी लिहिलं की चेंडू चांगला, सक्ती वाईट. हे वाक्य कोणाचंच नव्हतं, म्हणून सगळ्यांना चाललं.

खरी चर्चा रंगली ती मूल कोणाचं यावर. २०१२ मध्ये दुहेरीत गाजलेल्या ब्रायन जुळ्या भावांचे वडील वेन ब्रायन यांनी जाहीर पत्र लिहून संघटनेवर तोफ डागली होती. खाजगी प्रशिक्षक मूल घडवतात, संघटना त्याला उचलून नेते आणि वर श्रेयही घेते, असा त्यांचा आक्षेप. पॅट्रिक मॅकेन्रोनेही त्याला लेखी उत्तर दिलं होतं. जॉन मॅकेन्रोने २०१० मध्ये न्यूयॉर्कात स्वतःची अकादमी काढली, मुलांनी घरी राहावं, शाळेत जावं आणि खेळावं, असं म्हणत. म्हणजे एकाच घरात दोन मतं, मग आमच्या खोलीत अकरा असणारच.

आमच्या क्लबचे एक प्रशिक्षक काचेपाशी उभे राहून ऐकत होते. ते एकदाच बोलले. म्हणाले, "मुलीला मी सात वर्षं शिकवतो. तेराव्या वर्षी कोणीतरी येऊन तिला बारा आठवड्यांसाठी नेतं. परत येते तेव्हा तिची सर्व्हिस बदललेली असते, आणि ती कोणी बदलली हे मला तिच्याकडून कळतं. मला एक फोन करा, एवढंच." मी ते शब्दशः उतरवलं. दोन पानांत तेवढाच भाग खऱ्या कामाचा होता असं मला आजही वाटतं. नवा प्रमुख कोणीही असो, त्याने घरच्या प्रशिक्षकाला फोन करावा.

तिसरी बैठक पाचव्या मुद्द्यावर अडली, ती अडलीच. टेलर टाउनसेंड. २०१२ मध्ये ती सोळा वर्षांची, जगातली अव्वल ज्युनियर मुलगी. तिची तंदुरुस्ती पुरेशी नाही म्हणून संघटनेने तिला यूएस ओपनच्या ज्युनियर स्पर्धेचा खर्च द्यायला नकार दिला. आईने स्वतः पैसे घातले, मुलगी गेली आणि मुलींची दुहेरी जिंकून आली. पॅट्रिक मॅकेन्रोचं म्हणणं होतं, की प्रश्न तिच्या दीर्घकाळच्या आरोग्याचा आहे, आणि खर्च नंतर भरून देऊ असंही सांगण्यात आलं.

आमच्यातले एक दंतवैद्य वडील म्हणाले, "पैसा संघटनेचा, तर तंदुरुस्तीची अट घालण्याचा हक्कही तिचाच." रशियन आई उठून उभी राहिली. "ती जगात पहिली आहे. पहिली! तिच्या शरीरात अजून काय मोजायचंय तुम्हाला?" खालच्या कोर्टवरच्या मुली वर बघायला लागल्या. माझीही. तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आणि या वयातल्या मुली काचेतून ऐकू येत नसलं तरी सगळं ओळखतात. मी पडदा ओढला. रशियन आईच्या बाजूने मत दिलं, पण वहीत लिहिताना प्रामाणिक राहिले: "५. तंदुरुस्ती व आर्थिक मदत: (एकमत नाही)."

नोव्हेंबरात दोन पानं दिली. थँक्सगिव्हिंग आलं, बर्फ पडलं, विषय मागे पडला.

एप्रिल २०१५ मध्ये नाव जाहीर झालं: मार्टिन ब्लॅकमन. खेळाडू म्हणून तो क्रमवारीत पहिल्या शंभरातही आलेला नव्हता. आमच्या प्रशिक्षकांना मात्र तो पक्का माहीत होता, कारण आमच्यापासून फार लांब नसलेल्या कॉलेज पार्कमधलं ज्युनियर टेनिस केंद्र पूर्वी तोच चालवायचा. पुढे नावारूपाला आलेला अमेरिकन खेळाडू फ्रान्सिस टियाफो जिथे लहानाचा मोठा झाला ते केंद्र. टियाफोचे वडील तिथे देखभालीचं काम करायचे. अकरा पालकांनी पहिल्या बैठकीत डझनभर नावं घेतली होती, त्यांत शेजारच्या गावातला हा माणूस कोणाला सुचला नव्हता. आमच्या पत्रामुळे काही झालं असा आव मी आणणार नाही.

त्याच वर्षी फ्रेंच ओपनच्या मुलांच्या अंतिम सामन्यात टॉमी पॉल आणि टेलर फ्रिट्झ हे दोघेही अमेरिकन, विम्बल्डनला मुलांत रायली ओपेल्का जिंकला, यूएस ओपनला फ्रिट्झ. श्रेय नव्या प्रमुखाचं म्हणावं तर तो येऊन जेमतेम काही महिने झालेले. जुन्याचं म्हणावं तर फ्रिट्झचे आईवडील स्वतःच टेनिसवाले, आई तर एकेकाळी जगातल्या पहिल्या दहांत होती. क्लबमध्ये यावर पुन्हा भांडण जुंपलं, पण तेव्हा वही माझ्याकडे नव्हती.

लेक पुढे एका छोट्या कॉलेजच्या संघातून खेळली, आता रविवारपुरतं खेळते. आमचा पालकांचा ग्रुप मात्र फोनवर अजून आहे, बहुतेक वाढदिवसांपुरता. जुलै २०२४ मध्ये विम्बल्डनला टाउनसेंडने चेक खेळाडू सिनियाकोव्हासोबत महिला दुहेरी जिंकली. ट्रॉफी हातात येऊन दहा मिनिटंही झाली नसतील, रशियन आईचा मेसेज आला: "पाचवा मुद्दा?"

दंतवैद्यांचं उत्तर यायला दोन तास लागले. "दुहेरी," एवढंच लिहिलं होतं त्यांनी.

मग रात्री उशिरापर्यंत फोन वाजत राहिला.